पंधरा हजारांत झूम लेन्स: आधी नाव वाचा, मग काच बघा

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं थोडं पुढंमागं केलंय, बाकी जसंच्या तसं.)

राळेगणसिद्धीहून बोलतोय. आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळं करतोय. आपल्या पारनेर तालुक्यातलाच श्रोता आहे. त्याच्याकडं कॅनन १५००डी आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, तेव्हा तो एका फोटोग्राफरकडं दुसरा कॅमेरा सांभाळतो. एरवी तलावावर पक्षी टिपायची हौस. कांद्याच्या पट्टीतले पंधरा हजार त्यानं बाजूला काढलेत आणि म्हणतो, "दादा, मोठी झूम सांगा. पण भक्कम पाहिजे, प्लॅस्टिकची नको."

हे पंधरा हजार गेले की पुढचा कांदा निघेपर्यंत दुसरे नाहीत. म्हणून घाईघाईत एक नाव सांगून मोकळं होण्यापेक्षा म्हटलं, नीट बोलू.

पहिली गोष्ट. "झूम" म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स असं आपण सरसकट म्हणतो. तसं नाही. जिची फोकल लेंग्थ बदलते ती झूम. त्या हिशेबानं त्याची १८-५५ सुद्धा झूमच. दूरचं जवळ आणते ती टेलीफोटो. त्याला हवी आहे टेलीफोटो झूम, म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३०० या घरातली.

आता ही लेन्स नेमकं किती जवळ आणते? याचं गणित सोपं आहे आणि दुकानात जाण्याआधी प्रत्येकानं एकदा करून बघावं. १५००डीचा सेन्सर २२.३ मिलीमीटर रुंद आहे. सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंग्थनं भागा आणि अंतरानं गुणा. त्या अंतरावर किती रुंदीचा भाग फ्रेममध्ये मावेल ते निघतं. २० मीटरवर ५५ मिलीमीटरनं साधारण ८ मीटर रुंद भाग दिसतो. तिथंच २५० लावली की १.८ मीटरपेक्षा जरा कमी. म्हणजे मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आजीचा चेहरा आणि हातातल्या अक्षता आरामात मिळतात.

पक्ष्यांचं मात्र वेगळं आहे. लहान खंड्या सोळा-सतरा सेंटीमीटरचा. २० मीटरवर, २५० ला, तो फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम अकरावा हिस्सा भरतो. या कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, त्यात तुमचा खंड्या साडेपाचशे पिक्सेलांचा. स्टेटसला चालेल, भिंतीवर मोठा छापायला नाही. टिटवी बरीच मोठी, ती पाचवा हिस्सा घेते. आणि आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात ५० मीटरवर काळवीट उभं असेल, तर ते फ्रेमचा पाव भागाहून जास्त भरतं आणि आजूबाजूचं गवतही येतं. मला तर तोच फोटो जास्त आवडतो. सांगायचा मुद्दा, २५० आणि ३०० मधल्या फरकासाठी जीव टाकू नका. खंड्यासाठी दोन्ही कमीच पडतात, तिथं पाय न वाजवता दहा मीटर पुढं सरकणं जास्त कामाला येतं.

आता प्रकाश. डिसेंबर २०१३ मध्ये लोकपालसाठी अण्णांचं उपोषण इथंच यादवबाबा मंदिरात झालं, मग जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा. अशा वेळी गावात बाहेरून पत्रकार येतात आणि त्यांच्या गळ्यात त्या जाडजूड लेन्स असतात, बऱ्याचदा पांढऱ्या. गावातल्या पोरांना वाटतं, एवढी मोठी म्हणजे फार लांबचं दिसत असणार. पण त्यातल्या बहुतेक ७०-२०० असतात, म्हणजे आपल्या ५५-२५० पेक्षा पल्ला कमीच! मग त्या एवढ्या मोठ्या का? तर त्या एफ २.८ असतात.

एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत येण्याच्या खिडकीचा व्यास. २०० भागिले २.८ करा, ७१ मिलीमीटर येतात. एवढी खिडकी द्यायची तर काच तेवढी मोठी लागते. कॅननच्या ७०-२०० एफ २.८ आयएसच्या तिसऱ्या आवृत्तीचं वजन १४८० ग्रॅम आहे. उलट २५० भागिले ५.६ म्हणजे ४५ मिलीमीटरच्या आत, म्हणून ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅममध्ये होते. किंमत याच काचेची असते. ज्याला संध्याकाळी, फ्लॅश न मारता, हलणाऱ्या माणसाचा फोटो हमखास आणायचाय तो एफ २.८ घेतो. ५.६ च्या चौपट प्रकाश मिळतो ना.

म्हणजे आपल्या श्रोत्याच्या कामात अडचण पल्ल्याची कमी आणि उजेडाची जास्त आहे. हळदीला ऊन असतं, तिथं स्वस्त टेलीफोटो मस्त चालते. पण गोरज मुहूर्ताला, मंडपातल्या एलईडीत, एफ ५.६ वर आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा लागला तर फोटोत रवाळपणा येणार. "आयएस आहे ना" असं कुणी म्हणेल. आयएस, निकॉनमध्ये व्हीआर, तुमच्या हाताची थरथर सावरते, नवरदेवाची नाही. हलता माणूस थांबवायला शटरच वेगात लागतो. माझं मत स्पष्ट आहे. पंधरा हजारांत अंधारातली टेलीफोटो मिळत नाही, तो नाद सोडा. त्यापेक्षा वापरलेली ५५-२५० घ्या आणि उरलेल्यात ५० मिलीमीटर एफ १.८ बसते का बघा. जिथं ५.६ ला आयएसओ ६४०० लागतो, तिथं १.८ ला ६४० वर काम भागतं. जवळ जावं लागेल एवढंच, आणि लग्नात दुसऱ्या कॅमेरावाल्याला जवळ जायला कुणी अडवत नाही.

आता "प्लॅस्टिकची नको" यावर येतो. लेन्सची बांधणी वजनावरून किंवा धातूवरून ठरवू नका. कॅननची जुनी ईएफ ७५-३०० आहे ना, तिचा माउंट धातूचा आहे. हातात घेतली की बरी वाटते. पण तिच्यात आयएस नाही, ३०० च्या टोकाला चित्र मऊ येतं आणि फोकस करताना पुढची काच फिरते, त्यामुळं पोलरायझर लावला की दर वेळी नव्यानं जुळवायचा. याउलट ईएफ-एस ५५-२५० एसटीएमचा माउंट प्लॅस्टिकचा आहे आणि चित्र कितीतरी चांगलं. पावणेचारशे ग्रॅमचा भार प्लॅस्टिकचा माउंट सहज पेलतो. फक्त कॅमेरा उचलताना लेन्सला धरून लोंबकळवायचा नाही.

मग बांधणी बघायची कशात? लेन्स पूर्ण लांब करा आणि नळी हळूच हलवून बघा. थोडी हलते, ते चालतं. खुळखुळा वाजायला लागला तर नको. झूमची रिंग सगळीकडं सारखी फिरली पाहिजे. मध्येच करकर लागली तर आत धूळ किंवा वाळू गेलेली असते. आमच्याकडं मुरमाचे रस्ते, उन्हाळ्यात गाडी गेली की पाच मिनिटं धुरळा. जी लेन्स झूम करताना लांब होते ती आत हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. माउंटला काळी रबरी कडी असेल तर तिथून धूळ-पाणी कमी जातं. निकॉनच्या २००६ च्या एएफ-एस ७०-३०० व्हीआरला अशी कडी आहे, धातूचा माउंट आहे आणि वजन ७४५ ग्रॅम. जुना निकॉन वापरणाऱ्यांनी चांगल्या अवस्थेतली ही लेन्स शोधावी असं मी बिनधास्त सांगेन.

कॅननमध्ये खरोखर भक्कम पाहिजे असेल तर १९९९ ची ७०-२०० एफ ४ एल, आयएस नसलेली. झूम केलं तरी तिची लांबी बदलत नाही, वजन ७०५ ग्रॅम, वापरून दमवली तरी चालणारी. पंधरा हजारांत बसणं कठीण, पण दोन सीझननंतर याच लेन्ससाठी पैसे साठवा. ५५-२५० विकून त्यात भर पडेल.

आता नावं नीट वाचायची गोष्ट, कारण इथंच पैसे बुडतात. कॅननच्या ५५-२५० तीन आल्या: आयएस, मग आयएस टू, आणि २०१३ मध्ये आयएस एसटीएम. ओएलएक्सवर तिन्ही "कॅनन ५५-२५० झूम लेन्स" याच नावानं असतात. पहिल्या दोघींची मोटर आवाज करते, व्हिडिओत घरघर येते, आणि फोकस करताना पुढची काच फिरते. तुम्हाला हवी ती एसटीएम. पुढच्या कडेवर लिहिलेलं असतं, त्याचा जवळून फोटो मागवा. पुढं कधी कॅननचा मिररलेस घेतलात तरी ही लेन्स ॲडॅप्टर लावून चालते, हा आणखी एक फायदा.

निकॉनमध्ये याहून मोठा सापळा आहे. एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारची आहे, एक व्हीआर असलेली आणि एक नसलेली. दिसायला सारख्या, फरक नावातल्या दोन अक्षरांचा. आणि ही एएफ-पी जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. डी३१००, डी३२००, डी५१००, डी७०००, डी९० यांच्यावर ती लावून उपयोग नाही. डी३३०० पासून पुढं चालते, तिथंही फर्मवेअर अपडेट करून घ्यावं लागू शकतं. म्हणजे लेन्स उत्तम, कॅमेराही उत्तम, पण दोघांचं जमत नाही. पत्रिका बघावी लागते म्हणा ना!

वापरलेली घ्यायचीच तर समोरासमोर घ्या, दिवसाउजेडी, स्वतःचा कॅमेरा घेऊन. पुण्यात भरपूर मिळतात, मुंबईला जाणं झालंच तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसतील, सोडून द्या, फोटोत येत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्तात देत असला तरी उठा तिथून. पुढच्या काचेवर एखादी बारीक रेघ असेल तर फारसं बिघडत नाही, मागच्या काचेवरची रेघ मात्र त्रास देते. फिल्टर लावायच्या आट्यांवर कुठं चेपलेलं दिसलं तर लेन्स पडलेली आहे असं समजा.

मग वर्तमानपत्राचं पान. भिंतीवर आडवं चिकटवा आणि पाच मीटर लांब जा. कॅमेरा स्टुलावर किंवा ट्रायपॉडवर, २५० ला, अगदी समोरून, टायमर लावून. या अंतरावरून पान फ्रेम पूर्ण भरतं. एक फोटो ५.६ ला, एक ८ ला. आता स्क्रीनवर मोठं करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील आणि ८ ला सुधारत असतील तर स्वस्त लेन्सचा तो स्वभाव आहे. तीन कोपरे वाचता येतात आणि एकच फिसकटलाय, तर आतली काच तिरकी झालेली आहे. दुकानदार म्हणेल "एवढं कोण बघतं". आपण बघतो, आपले पैसे आहेत.

नवीन घेणार असाल तर बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. बाहेरून आणलेला माल थोडा स्वस्त पडतो, पण बिघडला की इथं वॉरंटीत धरत नाहीत. आणि एकाच लग्नासाठी लागत असेल तर विकत कशाला? पुण्यात दिवसाच्या भाड्यानं मिळते. दोन दिवस वापरलीत की ५५-२५० आपल्या हाताला जमते का तेही कळेल.

राहिली साठवण. पावसाळ्यात कपाटात, रेक्झिनच्या पाऊचमध्ये चार महिने पडलेली लेन्स म्हणजे बुरशीला आवतण. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा घ्या, आईला विचारून, आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल असेल तर निळ्याचं गुलाबी झालं की गरम करून वाळवून परत ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड रिंगांमध्ये जाते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो मारा, तिलाही हवा लागते.

पुढच्या भागात ट्रायपॉडवर बोलू. तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजनं पाठवा, एका मिनिटाच्या आत, आणि कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर सांगा. निम्मे जण "दादा, निकॉन आहे" एवढंच सांगून फोन ठेवतात!