खाणीत न सापडणारी मूलद्रव्यं

माजरीचा कोळसा डोळ्यांसमोर निघताना पाहत वाढलेल्या भद्रावतीकराला मोलाची वस्तू जमिनीखालूनच येते असं वाटणारच. म्हणून आवर्तसारणीच्या शेवटच्या ओळीतली निहोनियम, टेनेसीन, ओगानेसॉन ही नावं वाचली की विद्यार्थी हमखास विचारतात, ही कुठल्या खाणीत मिळतात?

कुठल्याच नाही. आपल्या कोळशात आणि वीज केंद्राच्या राखेत युरेनियम-थोरियमचा अगदी अल्प अंश असतो. ९२ क्रमांकाच्या युरेनियमपाशी निसर्गाचा साठा जवळजवळ संपतो. १०४ ते ११८ ही अतिजड मूलद्रव्यं माणसाने घडवली, तीही एकेक अणू मोजत. जपानच्या रायकेन संस्थेत जस्ताची केंद्रकं प्रकाशाच्या सुमारे एक दशांश वेगाने बिस्मथवर आदळवली गेली. जस्ताचे प्रोटॉन ३०, बिस्मथचे ८३, मिळून ११३. बेरीज पहिलीतल्या पोराला जमेल. पण दोन्ही केंद्रकं धनभारित, एकमेकांना दूर लोटणारी. जुळली तरी बहुतेकदा लगेच फुटणारी. २००४ मध्ये एक अणू मिळाला, २००५ मध्ये दुसरा, तिसऱ्यासाठी २०१२ उजाडलं. या तीन अणूंच्या बळावर निहोनियमला सारणीत जागा मिळाली. विज्ञानातली इतकी चिकाटी मला दुसरीकडे क्वचितच दिसते.

‘अतिजड’ म्हणजे हाताला जड, असंही नाही. हातात घेण्याजोगा तुकडा कधी बनलेलाच नाही. जडपणा केंद्रकाचा आहे. प्रत्यक्ष मोजलेल्यांत सर्वाधिक घनता ऑस्मियमची, आणि त्याचा क्रमांक फक्त ७६.

गावात आयुध निर्माणी असल्याने बॉम्बचा प्रश्नही येतो. ओगानेसॉनचे जेमतेम पाच-सहा अणू दिसले, तेही साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास विरले. सगळीच इतकी क्षणभंगुर नाहीत. डब्नियमचं एक समस्थानिक कित्येक तास टिकतं. पण मूठभर अणूंचं शस्त्र होत नाही.

खिशाला चाट लावणारा गैरसमज मात्र कॅलिफोर्नियमचा. क्रमांक ९८, म्हणजे अतिजड नव्हे. पण त्याच्यावर कॅल्शियम आदळवूनच ओगानेसॉन बनवलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारच्या गोपालगंजमध्ये त्याचा ५० ग्रॅमचा दगड पकडल्याची बातमी झळकली, किंमत सांगितली ८५० कोटी. कॅलिफोर्नियम-२५२ खास अणुभट्ट्यांत वर्षाकाठी मिलिग्रॅमच्या हिशेबाने तयार होतं. त्याच्या एका मायक्रोग्रॅममधून दर सेकंदाला सुमारे २३ लाख न्यूट्रॉन बाहेर पडतात. ५० ग्रॅम खिशात घालून फिरणारा माणूस गिऱ्हाइकापर्यंत जिवंत पोचलाच नसता.