ओठांवरची 50 कंपनं

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली, बोटाला थरथरणारं यंत्र टेकवलं आणि ओठांवर जाणवणाऱ्या थरथरीशी यंत्राचा वेग जुळवायला सांगितलं. उत्तरं सेकंदाला सुमारे 50 कंपनांपाशी आली. ओठ मात्र जराही हलत नव्हते! मिरीतलं सान्शूल हे द्रव्य स्पर्श जाणणाऱ्या चेतातंतूंनाच जागं करतं आणि मेंदूला थरथर जाणवते.

याच मिरीचं जपानी भावंड म्हणजे सान्शो. आणि आपल्या कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळही याच वंशातलं, झँथोझायलम. तिरफळाने जिभेला येणाऱ्या झिणझिण्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना सान्शो घातलेल्या जपानी जिन या मद्याचं अर्धं रहस्य आधीच कळलेलं आहे.

जिनचा आत्मा जुनिपरची फळं. जपानी जिनमध्ये त्याला स्थानिक साथ मिळते. क्योटोची ‘की नो बी’ 2016 मध्ये आली. तिच्यात युझू हे लिंबूवर्गीय फळ, हिनोकी या सुगंधी झाडाचं लाकूड, ग्योकुरो चहा आणि सान्शो आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या सन्टोरीच्या ‘रोकू’त चेरीची फुलं आणि पानंही आहेत.

पण यातलं अल्कोहोल काढून टाकलं तर? वास देणारी तेलं अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. घशातली जळजळही अल्कोहोलचीच: मिरचीचा तिखटपणा ओळखणारा चेतातंतूंवरचा ग्राहक त्याच्यामुळे इतका हळवा होतो की शरीराची स्वतःची ऊबसुद्धा त्याला चटका वाटते. म्हणून बिनअल्कोहोलच्या जिनमध्ये तेलांचे सूक्ष्म थेंब पाण्यात धरून ठेवावे लागतात, ऊब आणायला आलं किंवा मिरची वापरतात आणि दाटपणासाठी ग्लिसरीनसारखं काही घालतात. इथेच जपानी घडण कामी येते. सान्शोची थरथर थेट चेतातंतूंची असल्याने नशेविनाही घोट जिवंत राहतो.

अशी बिनअल्कोहोलची जिन चाखताना आधी थोडी नुसतीच घ्या, बर्फाशिवाय. हुंगा, छोटा घोट तोंडात फिरवा आणि थांबा. आंबट-फुलांचा युझू, देवदारासारखा जुनिपर, चहाचा तुरटपणा वेगवेगळे शोधा. झिणझिण्या सगळ्यांत शेवटी येतात.

आता मिसळा. उंच ग्लास बर्फाने भरा, 50 मिली जिन घाला आणि फक्त 100 मिली गार टॉनिक. नेहमीच्या जिनला तिप्पट टॉनिक चालतं, पण इथे तेवढ्यात सुगंध बुडून जातो. टॉनिकचा कडवटपणा क्विनाइनचा. अतिनील प्रकाशात हेच क्विनाइन निळं चमकतं! शेवटी लिंबाच्या सालीचा तुकडा ग्लासवर पिळा. सालीतलं तेल पृष्ठभागावर तरंगतं आणि ओठांच्या आधी नाकाला भेटतं. टॉनिक नको असेल तर थंड पाण्यात भिजवलेला ग्रीन टी आणि आल्याची चकती घ्या.

बाटली घेताना लेबल मात्र नीट वाचा. अशा काही पेयांत 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. ज्यांना ते पूर्णपणे टाळायचं आहे, त्यांनी 0.0 लिहिलेलीच बाटली निवडावी.