तंजावर : भिंती वाचत चालण्याचं गाव

तंजावरला निघालेल्या मराठी माणसाच्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात : मोठं देऊळ आणि शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे. बसच्या सहलीत देवळाला तास-सव्वा तास मिळतो, राजवाड्याला त्याहून कमी, आणि मग गाडी कुंभकोणमच्या रस्त्याला लागते. व्यंकोजीराजे राहूनच जातात. म्हणून सुचवावंसं वाटतं, की इथे एक अख्खा दिवस द्यावा, फक्त आपल्या घरच्यांपुरता एक गाईड ठरवावा आणि जुनं गाव पायी पाहावं. देऊळ, त्याला लागून असलेला छोटा किल्ला, चर्च, राजवाडा, बाजार हे सगळं चालण्याच्या टप्प्यात आहे. एवढ्याशा जागेत चोळ, नायक, मराठे आणि कंपनी सरकार एकमेकांना खेटून बसले आहेत, आणि प्रत्येकाने काही ना काही लिहून ठेवलं आहे.

गाईड ठरवताना पर्यटन खात्याचं ओळखपत्र पाहावं, पैसे आधीच बोलून घ्यावेत आणि आपल्याला काय पाहायचंय ते सांगावं. ‘फोटोच्या जागा नकोत, शिलालेख दाखवा’ एवढं म्हटलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ साठी उलटलेले, पांढऱ्या वेष्टीतले, हातात छत्री. इंग्रजी तमिळ हेलाचं, पण स्वच्छ. त्यांची एक खोड मला फार आवडली. लोकांना आवडणारी गोष्ट आधी रंगवून सांगायची, आपण माना डोलावल्या की मग तीच मोडून काढायची.

सुरुवात देवळापासून आणि सकाळी लवकर करावी. आत अनवाणी फिरायचं असतं आणि उन्हं वर आली की पटांगणातल्या फरशीवर पाऊल ठरत नाही. हे बृहदीश्वराचं देऊळ. तमिळ माणूस त्याला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठं देऊळ, एवढंच म्हणतो. राजराज चोळाने ते 1010 मध्ये पुरं केलं. नंतरच्या काळातल्या दक्षिणी देवळांत दारावरची गोपुरं उंचच उंच आणि गाभाऱ्यावरचं विमान त्यापुढे खुजं असतं. इथे सगळं उलट आहे. गोपुरं ठेंगणी, रुंद, आणि विमान दोनशे फुटांहून उंच, ग्रॅनाइटचं. गावाभोवती तर कावेरीच्या गाळाची भातशेती. हा सगळा दगड लांबून ओढून आणलेला आहे.

आता गाईडची पहिली गोष्ट. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं देशभर सांगितलं जातं. आमच्या गृहस्थांनीही सांगितलं, आणि छत्रीने समोरच्या फरशीवर पसरलेली विमानाची लांबलचक सावली दाखवली. दुसरी गोष्ट शिखराच्या घुमटाची : ऐंशी टनांचा एकसंध दगड, कित्येक किलोमीटर लांबीचा उतार बांधून हत्तींकरवी वर चढवलेला. देवळाची नीट मोजमापं घेणाऱ्यांनी घुमट अनेक दगड जोडून केल्याचं नोंदवलं आहे. एकसंध नाही म्हणून त्याचं काही उणं होत नाही. एवढ्या उंचीवर तुकडे बिनचूक बसवणं हे काम कमी नाही, पण गोष्टीला हत्ती लागतात. विमानाच्या उत्तर बाजूला टोपी घातलेला एक युरोपीय चेहराही दिसतो. राजराजाला गोऱ्यांचं येणं आधीच दिसलं होतं, असं त्यावर सांगणारे भेटतात. नंतरच्या डागडुजीत ती आकृती आली असावी, हा अभ्यासकांचा कयास जास्त सरळ आहे.

खरी नवलाई डोळ्यांच्या पातळीवर, जोत्याच्या पट्ट्यांवर आहे. तिथे ओळीमागून ओळ तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर नोंदवा, अशी राजराजाची आज्ञाच त्यात आहे. बहीण म्हणजे कुंदवै. राण्यांच्या आधी तिचा मान. मग येतात दागिने, मूर्ती, दिव्यांच्या तुपासाठी लावून दिलेली जनावरं. कळसावर बसवायचा तांब्याचा कलश राजाने कारकिर्दीच्या 25 व्या वर्षी, 275 व्या दिवशी दिला, हेही त्यात आहे. देवळाची तारीख आपल्याला कळते ती त्यावरूनच. आणि मग चारशे नर्तकींची यादी. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या रांगेतलं कितवं घर दिलं आणि वर्षाला किती भात द्यायचा, सगळं. हजार वर्षांपूर्वीच्या राण्यांची नावं इतिहासात सापडतात. कामाला ठेवलेल्या चारशे बायकांचे पत्ते सापडणं विरळा. बरोबर माणूस नसेल तर ही यादी आपल्याला नक्षीच वाटते. आमच्या गृहस्थांनी एक-एक अक्षर बोटाने दाखवत दोन-तीन नावं वाचली. माझ्यासाठी गाईडचे पैसे तिथेच वसूल झाले.

नंदी भला थोरला, एकाच दगडाचा, आणि तो चोळांचा नसून नायकांच्या काळातला आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात भिंतींवर नायककालीन चित्रं होती. 1931 मध्ये त्यांच्या गिलाव्याखाली चोळांची मूळ चित्रं असल्याचं उजेडात आलं. तिथे सहसा जाऊ देत नाहीत.

प्रदक्षिणा घालत मागच्या बाजूच्या ओवरीत गेलं, की अचानक देवनागरी दिसते. ती वाचता येते, हा धक्का सुखद असला तरी क्षणभर गोंधळून टाकणारा असतो. हा 1803 मधला भोसले घराण्याचा शिलालेख, दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मालोजी, शहाजी, मग एकोजी म्हणजे आपले व्यंकोजी, असं करत तो सरफोजींपर्यंत येतो. भाषेला दरबारी वळण आहे आणि ओळी संपता संपत नाहीत. उभ्याने सगळं वाचण्याच्या फंदात पडू नये.

त्याची तारीख मात्र लक्षात ठेवावी. व्यंकोजींनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतलं. विजापूरने त्यांना नायकांच्या मदतीला धाडलं होतं. मदत झाली आणि मग गादीही त्यांचीच झाली. 1677 मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत आले तेव्हा कोळ्ळिडम नदीकाठी या सावत्र भावांची भेट झाली. विषय वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीचा. भेट काही गोड संपली नाही. व्यंकोजी रात्री नदी ओलांडून निघून गेले. पुढे सव्वाशे वर्षं त्यांच्या वंशाने राज्य केलं. 1798 मध्ये सरफोजी गादीवर आले आणि 1799 च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला आणि तनखा. त्यानंतर चारच वर्षांनी हा लेख कोरला गेला. राजराजाने लिहिलं ते साम्राज्य भरात असताना. सरफोजींनी त्याच देवळात लिहिलं ते राज्य हातचं गेल्यावर. तंजावरच्या मराठ्यांना समजून घ्यायचं तर आधी हे पाहावं. इथे ‘दक्षिणेत मराठ्यांचा झेंडा’ शोधायला येणाऱ्यांची थोडी निराशाच होईल.

देवळाच्या उत्तरेला शिवगंगा तळं आणि त्याच्या काठी 1779 मधलं चर्च. बसवाले इथे थांबत नाहीत. सरफोजींना लहानपणी शिकवणारा जर्मन पाद्री श्वार्ट्झ याच्या नावाने ते ओळखलं जातं. गादीच्या भाऊबंदकीत या मुलाचं रक्षण करणाऱ्यांत तो होता. तो 1798 मध्ये वारला. सरफोजींनी इंग्लंडमधला नावाजलेला शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. शिल्पात श्वार्ट्झ मरणशय्येवर आहे आणि तरुण राजा त्याच्या उशाशी उभा आहे. शिवभक्त घराण्यातल्या राजाने ख्रिस्ती गुरूसाठी केलेली ही गोष्ट, शिलालेखापासून अगदी जवळ.

इथून राजवाड्यापर्यंतचा रस्ता गजबजलेला, साधा. चार राजवीथी, अधूनमधून वीणा घडवणारे, सोन्याचा वर्ख लावलेली तंजावर चित्रं विकणारी दुकानं. वाटेत ‘मानोजीअप्पा वीथी’ अशी पाटी लागते. हे मानोजी म्हणजे तंजावरच्या मराठी फौजेतले सरदार. याच गावात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे भाऊ सरफोजींच्या दरबारी होते. अलारिपु, जतिस्वरम, वर्णम, तिल्लाना असा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज पुण्या-मुंबईतल्या अरंगेत्रममध्येही पाळला जातो, तो बसवण्याचं श्रेय या भावांना देतात.

राजवाडा पाहून पहिल्यांदा हिरमोड होतो. पडझड, रंगाचे पोपडे, मधेच एखादं सरकारी कार्यालय. नायकांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी वाढवला, आणि राजघराण्याचे वंशज आजही एका भागात राहतात. इथे अंगण-मनोरे पाहण्यात दम घालवू नये. मराठा दरबार हॉलमधल्या रंगवलेल्या कमानी आणि सरफोजींचा पांढरा पुतळा पाहून थेट कांस्यमूर्तींच्या दालनात शिरावं. तिरुवेण्काडूहून आलेला वृषभवाहन शिव तिथे आहे, 1011 च्या सुमाराचा. डोक्यावर जटांचा फेटा, एक पाय दुसऱ्यावर सहज टाकलेला, कोपर नंदीच्या पाठीवर रेललेलं. फक्त नंदी नाही. तो केव्हाच हरवला. शिव मात्र तसाच रेलून उभा आहे, आणि थोडा वेळ पाहिलं की बैलाची उंचीसुद्धा सांगता येते. माझ्या मते तंजावरमधली सर्वांत देखणी वस्तू हीच. मोठ्या देवळाचा मान राखूनही.

सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्याच्या आवारातच आहे. नायकांच्या काळापासून इथे राजांचा ग्रंथसंग्रह होता. सरफोजींनी त्याला आजचं रूप दिलं. काशीयात्रेला गेले तेव्हाही त्यांनी पोथ्या जमवून आणल्या. ताडपत्रं आणि कागद मिळून सुमारे 49 हजार हस्तलिखितं इथे आहेत. बहुतेक संस्कृत, मग तमिळ, तेलुगू, आणि सुमारे तीन हजार मराठी. शिवाय दरबारी मोडी कागदांची बाडं. सामान्य माणसाला शेजारचं लहानसं संग्रहालय पाहता येतं. हस्तलिखितं वाचायची तर रीतसर परवानगी काढावी लागते. काचेमागे ताडपत्रं आहेत, युरोपातून मागवलेली पुस्तकं आहेत. सरफोजींच्या ‘धन्वंतरी महाला’त डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत आणि प्रत्येकाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून टिपणं ठेवली जात, ती टिपणंही या संग्रहात आहेत. सरफोजींनी देवनागरी छापखानाही काढला. त्यात इसापच्या गोष्टींचं ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक 1806 मध्ये छापलं गेलं. त्या वेळी पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि पोथ्या हातानेच उतरवल्या जात होत्या.

सरफोजींच्या बरेच आधीचे राजे म्हणजे शहाजी, व्यंकोजींचे थोरले चिरंजीव; यांची कारकीर्द 1684 ते 1712. त्यांच्या नावावर मराठी नाटकं आहेत, तेलुगू यक्षगानं आहेत, आणि पाच भाषांत बोलणाऱ्या पात्रांचं ‘पंचभाषाविलास’ही आहे. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हेच पहिलं मराठी नाटक, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. आपण सांगलीला 1843 मध्ये झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या प्रयोगापासून मोजतो. वाद व्याख्येचा आहे आणि मिटण्याची घाई नाही. पण नाट्यसंमेलनाच्या भाषणांत तंजावरचं नाव एका वाक्यात उरकतात, ते मात्र खटकतं.

सरफोजींनंतर त्यांचे पुत्र शिवाजी. ते 1855 मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याचा उरलासुरला अंशही खालसा केला, खासगी मालमत्तेसकट. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला. मद्रासच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला, पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला : हे सरकारचं राजकीय कृत्य, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तंजावर भेटतं ते या खटल्यातून. राजांचं ग्रंथालय पुढे 1918 मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

दुपारी देऊळ बंद असतं, तेव्हा जेवून घ्यावं. राजवाड्याच्या पूर्वेला कीळवासलच्या बाजूला सरफोजी मार्केट आहे. भाजीपाला, फुलं, पितळेची भांडी. इथल्या खाणावळीत केळीच्या पानावर आमच्या गृहस्थांनी शेवटची गोष्ट काढली. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमटीत घालायला कोकम नव्हतं, मुदपाकखान्यात चिंच वापरली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. आम्ही मराठी आहोत, तेव्हा ही तरी खरी म्हणून सोडून देतील, असं वाटलं होतं. भात कालवत ते म्हणाले, ‘त्या काळातला एकही कागद नाही, सार. संभाजीराजे इथे आल्याचासुद्धा नाही.’

तेवढ्यात वाढप्याने पानात बोळी वाढली. तुपात न्हालेली, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वेलची. तिच्यासाठी मात्र कुणी कागद मागितला नाही.