भाकरी सुटली कधी, ते आठवा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घरांत हा क्रम अनेकांनी पाहिला असेल. आजी आधी बाजरीची भाकरी कालवणात कुस्करून खाऊ लागते. मग "भाकरी नको, भातच दे" म्हणते. दिवाळीपर्यंत पेजेवर येते आणि लुगडं सैल होतं. घरचे म्हणतात, वय झालं. या समजुतीतच मोलाचे महिने जातात.

गैरसमज : म्हातारपणी घास अडकायचाच.
वस्तुस्थिती : दात गेले, लाळ कमी झाली, की जेवायला वेळ लागतो. पण घास छातीत अडकणं हे वयाचं लक्षण नाही. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी स्नायूंची नळी आहे. त्यामुळे ती आतून बरीच अरुंद झाल्यावरच त्रास जाणवतो. आधी भाकरी, मग भात, मग पातळही अडकू लागलं आणि वजन उतरलं, तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. कारण जुन्या आम्लपित्ताने आलेला अरुंदपणाही असू शकतो आणि कर्करोगही. आम्लपित्ताने अरुंद झालेला भाग फुग्याने रुंद करता येतो.

गैरसमज : विडी-दारू नाही, मग कॅन्सर कसा होईल?
वस्तुस्थिती : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. धूरविरहित तंबाखूनेही तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होतो.

गैरसमज : लकवा झालेल्याला पातळ पाजलं की धोका नाही.
वस्तुस्थिती : उलट पाणीच सर्वांत अवघड. ते झरकन घशात उतरतं आणि श्वासनलिकेचं तोंड वेळेवर मिटलं नाही, तर फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. काहींना ठसकाही लागत नाही. म्हणून गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये. पुढे परवानगी मिळाली की ताठ बसवून, पूर्ण जागं असताना, चमच्याने थोडं थोडं भरवावं. पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. पातळ पदार्थ किती दाट करायचे, मान कशी ठेवायची, हे गिळण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून शिकून घ्यावं.

गैरसमज : पडजीभ पडली, ती उचलून घेतली की बरं वाटतं.
वस्तुस्थिती : बोटाने दाबण्या-ओढण्याने जखम आणि जंतुसंसर्ग होतो, मूळ कारण तसंच राहतं. नुसतीच घशात गोळा असल्याची भावना, पण जेवण नीट उतरतं, हे बहुधा गंभीर नसतं. तरी एकदा घसा तपासून घ्यावा.

गैरसमज : काही अडकलं की केळं किंवा कोरडा भात गिळावा.
वस्तुस्थिती : त्याने काटा, हाडूक आणखी रुतू शकतं. मुलाने घड्याळातली बटणासारखी बॅटरी गिळली, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी, किंवा थुंकीही गिळता येत नसेल तर, थेट रुग्णालय गाठा. बोलता-खोकता येत नसेल, तर श्वास कोंडला आहे. पाणी पाजू नका. मोठ्या माणसाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे पाच जोरदार थापा द्या आणि १०८ ला फोन लावायला सांगा.

जेवताना घास अडकू लागला असेल, तर जिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर लोणीच्या प्रवरा रुग्णालयात. तिथे "जेवण जात नाही" एवढंच सांगून थांबू नका. भाकरी कधी सुटली, भात कधी अडकू लागला, किती किलो उतरले, हे घरच्यांनी आठवून सांगावं. निम्मं निदान त्या उत्तरांतच असतं.