जुन्या मोटारीचा सुटा भाग : शोध आणि पारख

जुन्या मोटारीचे वेड हे श्रीमंतांचेच असते, असा एक समज आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी गर्नी नटिंग या इंग्रज कारागिरांनी बांधलेली ड्यूसेनबर्ग यांची छायाचित्रे पाहून तो दृढ होतो. वस्तुतः आपल्या भागात अशी मोटार बहुधा वारशाने आलेली असते. आजोबांची मॉरिस किंवा वडिलांची फियाट पडवीत उभी असते आणि कर्ता मुलगा निवृत्तीनंतर ती पुन्हा चालती करावयास घेतो. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे घालून आरंभ होतो आणि एका सुट्या भागापाशी सारे काम अडते. फसवणूक करणारा नेमक्या याच वळणावर उभा असतो.

आरंभी एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. ‘व्हिंटेज’ हा शब्द विक्रेते सढळपणे वापरतात. इंग्लंडमधील जाणकारांच्या रूढ अर्थाने 1919 ते 1930 या काळातील मोटारच व्हिंटेज. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या 2021 सालच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेले, खाजगी वापराचे आणि मूळ रूपात राखलेले वाहन व्हिंटेज ठरते. तेव्हा केवळ या शब्दासाठी कोणी चढी किंमत मागू लागला, तर त्याने दबून जाण्याचे कारण नाही.

भाग शोधण्यापूर्वी आपली मोटार कोणत्या कुळातली आहे, हे ठरविले पाहिजे. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली होती. त्यामुळे मुंबईत जुळलेल्या त्या काळच्या शेवरोलेचे भाग अमेरिकन मापांचे व अमेरिकन क्रमांकांचे असतात. 2014 साली जिचे उत्पादन थांबले ती अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डची वंशज आहे आणि तिचे 1489 घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन व एमजीए या इंग्रज मोटारीचे पहिले इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे होत. म्हणून परदेशी पत्रव्यवहार करण्याआधी भागाच्या क्रमांकाची पुस्तिका मिळवावी. पुष्कळदा हवी ती वस्तू गावातल्याच एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर, दुसऱ्याच मोटारीच्या नावाने पडलेली असते. लुकाससारख्या विद्युत-उपकरणांच्या कारखान्याने तर आपल्या अनेक वस्तूंवर क्रमांकाबरोबर महिना व वर्षही ठोकून ठेवले आहे. तेव्हा आधी क्रमांक जुळवावा, छायाचित्र नंतर पाहावे.

आता आट्यांविषयी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु पैसे बुडण्याचे आणि अपघाताचे ते एक मोठे कारण आहे. जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली घालून दिलेल्या इंग्रजी आट्याचा कोन 55 अंशांचा, तर अमेरिकन व मेट्रिक आट्यांचा 60 अंशांचा. पाव इंची बोल्टावर व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाडसर आटा, दोन्हींत इंचाला 20 आटे येतात. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर सहज चढतो, पण आट्यांच्या बाजू एकमेकींवर नीट टेकत नाहीत आणि खडबडीत रस्त्यावर तो सैल होतो. अर्ध्या इंचाला मात्र एकात 12 व दुसऱ्यात 13 आटे असतात. तेथे चूक लगेच कळते. त्याहून मौजेचा प्रकार मॉरिसच्या युद्धपूर्व इंजिनांचा आहे. मॉरिसने 1923 साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडीत आणि इंग्रज मेकॅनिकांच्या हातात पाने व्हिटवर्थचे! तोडगा असा निघाला की आटे मेट्रिक ठेवावे आणि बोल्टाचे डोके व्हिटवर्थच्या पान्यात बसणारे करावे. पाना बसला म्हणून आटा इंग्रजी समजून ज्यांनी नवा बोल्ट दामटून घातला, त्यांनी इंजिनाचे ब्लॉक नासविले आहेत. दहा-वीस पट्ट्यांचे एक साधे पिच गेज खिशात असावे, हे बरे.

भाग मिळतच नसेल तर तो करवून घ्यावा. या बाबतीत बेळगावकर भाग्यवान आहेत. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि लेथ यांच्या बळावर बिडाचा पाण्याचा पंप, मॅनिफोल्ड किंवा ब्रॅकेट येथे नव्याने ओतून घेता येतो. मात्र जुना भागच साचा म्हणून वाळूत दाबला, तर नवा भाग लहान येतो. कारण करडे बीड थंड होताना लांबीत सुमारे एक टक्का आकसते. 300 मिलिमीटरच्या मॅनिफोल्डला 3 मिलिमीटरचा फरक म्हणजे भोकांशी भोके जुळणार नाहीत. जाणता पॅटर्नवाला त्यासाठी मुद्दाम वाढीव आखणीची पट्टी वापरतो आणि जेथे छिलाई व्हायची तेथे वेगळी माया सोडतो. त्याला तुटका भाग दाखवावा, परंतु तो ज्यावर बसतो तो भागही सोबत न्यावा. स्टिअरिंगचे सांधे, चाकाचे स्टब ॲक्सल आणि ब्रेकचे भाग मात्र या मार्गाने करवून घेऊ नयेत. ते घडीव पोलादाचे असतात आणि ओतीव बीड तेथे सूचना न देता मोडते.

बाजारात ‘न वापरलेला जुना माल’ म्हणून जे विकले जाते, त्यात धातूचे भाग उत्तम निघू शकतात. रबराचे तसे नव्हे. चाळीस वर्षे डब्यात राहिलेला ब्रेकचा रबरी कप दिसायला कोरा असला, तरी आतून मेलेला असतो. तो विकत घेणे म्हणजे पैसे देऊन अपघात आणणे होय. जुन्या ब्रेकलायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नये आणि त्याची धूळ फुंकू नये.

मुंबईचा चोरबाजार, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट ही जुन्या भागांची ठिकाणे प्रसिद्धच आहेत. इंग्लंडात ब्यूली येथे 1967 पासून केवळ अशा भागांची जत्रा भरते. समक्ष खरेदीत निदान वस्तू हातात घेता येते. ताजा रंग दिसला की शंका घ्यावी, कारण रंगाखाली तडा लपतो. वस्तूला रॉकेल लावून कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड टाकावी. तडा असेल तर त्यातले रॉकेल पांढऱ्या पुडीवर रेघ उमटवते. शाळेतला खडू येथेही उपयोगी पडतो.

दूरच्या खरेदीत ही सोय नाही. फसविणारा कोणत्या तरी खऱ्या विक्रेत्याचे छायाचित्र उचलतो, किंमत बाजाराच्या निम्मी सांगतो आणि दुसरा गिऱ्हाईक उभा असल्याची घाई करतो. त्यावर एक साधा उपाय आहे. आजच्या तारखेची चिठ्ठी भागाशेजारी ठेवून, क्रमांक दिसेल असे नवे छायाचित्र मागावे; त्याबरोबर दोन मापेही मागावी. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला पाच मिनिटे लागतात. ज्याच्याकडे नाही तो रागावतो. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, अमुक माणसाच्या खात्यात शुल्क भरा, असा दूरध्वनी आल्यास तो खोटा समजावा; सरकारी शुल्क कोणाच्या खाजगी खात्यात जात नसते. आपण भाग विकत असलो, तर पैसे घेण्यासाठी पिन दाबावा लागत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य सांगून ठेवावे. फसगत झालीच तर संकोच न करता तत्काळ 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. (व्हिंटेज युग संपल्याचे वर्षही तेच, हा योगायोग लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे.)

शेवटचा प्रश्न थोडा तात्त्विक, पण पैशांशी निगडित आहे. भाग बदलत गेल्यावर मोटार तीच राहते काय? 1929 व 1930 साली ल मान्सची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला आणि 1990 साली हा वाद इंग्लंडच्या न्यायालयात गेला. शर्यतीच्या वेळचे भाग तीत फारच थोडे उरले होते. तरीही तिचा इतिहास अखंड असल्यामुळे ती तीच मोटार होय, असा निर्णय झाला. आपल्या नियमांत चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले वाहन व्हिंटेज नोंदणीस अपात्र ठरते. म्हणून बदललेल्या प्रत्येक भागाची पावती आणि काढलेला जुना भाग, दोन्ही जपून ठेवावे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. अर्जापूर्वी चेसिसवरील क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहावा. अंकांभोवतीचा पत्रा घासलेला किंवा अंक वेड्यावाकड्या ओळीत असतील, तर विकत घेण्याआधीच परत फिरावे.