रविवार दुपारचा भारत

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या पोराला केरळ कुठून कळायचं? भूगोलाच्या पुस्तकात नारळ, मिरी आणि खाजणं. चौकातल्या उडप्याकडे इडली-डोसा मिळायचा, पण तो उडपी कर्नाटकातला, हे गिऱ्हाइकांच्या गावीही नसायचं. बाकी सगळं हिंदी सिनेमानं शिकवलेलं. 'पडोसन' (१९६८) मधला मेहमूदचा मास्टर पिल्लई म्हणजे शेंडी, गंध आणि हेल काढून बोललेली हिंदी. मेहमूद अव्वल दर्जाचा नट होता, म्हणूनच ती प्रतिमा इतकी पक्की बसली. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारी कोट्यवधी माणसं त्या एका शेंडीत गुंडाळली गेली आणि सगळ्यांना मिळून एकच नाव पडलं, 'मद्रासी'. मुंबईत १९६६पासून दाक्षिणात्यांच्या विरोधात वातावरण तापलेलं होतं. ते सिनेमानं तापवलं असं म्हणणं खोटं ठरेल. पण ज्याच्यावर आपण तीन तास हसलो, त्याच्याविषयी दुसऱ्या दिवशी काहीबाही ऐकलं तर ते पटकन पटतं, एवढं खरं. ईशान्येकडच्या राज्यांवर तर हसायलाही कोणी नव्हतं. हिंदी पडद्यावर ती जवळपास नव्हतीच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तरी राज्यातल्या बहुतेक गावांना टीव्ही दिसला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं रंग आले, देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दिसू लागला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. त्या काळाचा विषय निघाला की सगळे 'रामायण' आणि 'महाभारत'च आठवतात. रस्ते ओस पडायचे, हे खरंच आहे. मला मात्र महत्त्वाचा वाटतो तो रविवारी दुपारी, मूकबधिरांसाठीच्या बातम्या संपल्यावर लागणारा प्रादेशिक चित्रपट. कधी बंगाली, कधी ओडिया, कधी मणिपुरी. बहुतेक राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. खाली इंग्रजी सबटायटल. जेवणं आटोपलेली, वाहिनी एकच, बाहेर ऊन. बंद करण्यापेक्षा चालू ठेवणंच सोपं.

आमच्या घरी हे सिनेमे नेमानं पाहायची ती आजी. तिला इंग्रजी येत नव्हतं, आसामी तर नाहीच. एका रविवारी जाह्नू बरुआंचा 'हालोधिया चोराये बाओधान खाय' लागला. १९८७चा हा सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवलेला. रखेश्वर नावाचा गरीब शेतकरी. बापानं गहाण टाकलेली जमीन सोडवून घेतली होती, पण कागद हाताशी नाही. गावातला धनदांडगा म्हणतो, जमीन माझी. मग कचेरीच्या चकरा, या टेबलावरून त्या टेबलावर, हात ओले करण्यासाठी होतं नव्हतं ते विकणं. मी अर्धवट कळणारी सबटायटलं वाचून दाखवत होतो. आजीनं हातानंच गप्प केलं. "अरे, सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढवलाय त्याचा," ती म्हणाली, "तलाठ्याला पैसे चारलेत." आसामात सातबारा नसतो, तलाठीही नसतो. पण रखेश्वर झालेल्या इंद्र बनियांच्या चेहऱ्यावर तिला आमच्या भावकीतला, कोर्टात खेटे घालून थकलेला माणूस दिसत होता. आसामविषयी तोपर्यंत घरात दोनच शब्द होते, चहा आणि आंदोलन. त्या दुपारनंतर तिथे एक माणूस राहायला आला.

अडूर गोपालकृष्णनचा 'एलिप्पथायम' (१९८१) पाहिला तोही असाच. पडक्या थोरल्या घरात ऐतखाऊ उण्णी आणि त्याच्या बहिणी. अंगणात गाय शिरली तर ती हाकलायलाही तो बहिणीला हाका मारतो. वाटेत चिखलाचं डबकं आलं तर ठरलेलं जाणं सोडून माघारी फिरतो. त्याची बहीण राजम्मा मात्र राबून राबून आजारी पडते. जमिनी हातच्या गेल्या तरी रुबाब न सोडणारे पुरुष आणि त्यांचा भार वाहणाऱ्या बायका आमच्याकडे काही कमी नव्हत्या. कूळकायद्यानंतरच्या कोकणातल्या कितीतरी घरांची हीच कथा. केरळ त्या दिवशी नारळाच्या चित्रातून बाहेर आला.

१९८८च्या स्वातंत्र्यदिनी 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा दाखवलं गेलं. भीमसेन जोशींपासून सुरू होणारी ती सहा मिनिटं मला आजही आवडतात. पण त्यात प्रत्येक प्रांत सजून, चांगले कपडे घालून येतो. दुपारच्या सिनेमात तो घरच्या कपड्यांत असायचा. कर्ज, बाळंतपण, भाऊबंदकी, सोवळं-ओवळं सगळं दिसायचं. एकात्मतेचा शब्दही न उच्चारता गिरीश कासारवळ्ळींच्या 'घटश्राद्ध'नं (१९७७) किंवा अरिबम श्याम शर्मांच्या 'इमागी निंगथेम'नं (१९८१) जे केलं, ते घोषणांना जमलं नसतं. आईवेगळ्या मुलाला त्याच्या बापाची बायको पोटाशी धरते, ही मणिपुरी गोष्ट समजायला मणिपूर नकाशावर दाखवावं लागत नाही.

या खिडकीलाही चौकट होतीच. पुरस्कार मिळालेला सिनेमा म्हणजे बहुतेक गंभीर, संथ, गरिबीचा. त्यामुळे आमच्या पिढीला बंगाल कायम दुःखात आणि केरळ कायम पावसात वाटायचा. त्याच वर्षांत मल्याळी प्रेक्षक प्रियदर्शनच्या विनोदी सिनेमांवर पोट धरून हसत होते, मद्रासमध्ये रजनीकांतसाठी रांगा लागत होत्या. ती माणसं आमच्यापर्यंत आलीच नाहीत. शेजाऱ्याचं फक्त रडणं ऐकू यावं आणि हसणं कधीच नाही, तशी ती ओळख होती. तरीही मास्टर पिल्लईपेक्षा ती कितीतरी खरी.

१९९२मध्ये झी टीव्ही आला, १९९३मध्ये सन टीव्ही आणि एशियानेट. १९९९मध्ये अल्फा मराठी आणि त्यापाठोपाठ ईटीव्ही मराठी. ज्याला त्याला आपल्या भाषेत हवं ते मिळू लागलं, आणि ते मिळायलाच हवं होतं. मराठी माणसाला आपल्या भाषेत चोवीस तासांची वाहिनी असणं ही लहान गोष्ट नव्हे. पण रिमोट हातात आल्यावर रविवारी दुपारी ओडिया सिनेमा कोण लावणार? न मागता समोर येणारा परमुलुख बंद झाला.

तो पुन्हा आला तो टाळेबंदीत, मोबाइलवरून. २०२१च्या जानेवारीत आलेला जिओ बेबीचा 'द ग्रेट इंडियन किचन' माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत पाहिला गेला. तुंबलेलं सिंक, ताटाभोवती काढून ठेवलेल्या शेवग्याच्या शेंगांचा चोथा आणि तो उचलणारी सून पाहून बायका एकमेकींना फोन करत होत्या. ही ओळख रविवार दुपारइतकीच खरी होती. फरक एवढाच की ज्याला मुळात कुतूहल होतं, त्याच्याच पडद्यावर ती आली. ज्याला नव्हतं, त्याला सिनेमे सुचवणारं यंत्र त्याच्याच आवडीचं आणखी वाढत राहिलं. आजीनं आसामी सिनेमा कधी शोधला नसता, आणि आजच्या यंत्रानंही तो तिला कधी सुचवला नसता.

'घटश्राद्ध'ची प्रत नव्यानं दुरुस्त होऊन २०२४मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. श्याम शर्मांचा 'इशानू'ही असाच दुरुस्त होऊन त्याच्या आदल्या वर्षी कानमध्ये दाखवला गेला. या दोन्ही कामांमागची फिल्म हेरिटेज फाउंडेशन मुंबईतलीच, आणि १९६४पासून जुने सिनेमे जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात. सह्याद्री वाहिनी आजही घरोघरी दिसते. त्यावर आठवड्याला एक परभाषक सिनेमा, खाली मराठी सबटायटलं घालून, ठरलेल्या वेळी दाखवला जावा. सुरुवात पुरस्कारवाल्यांपासून नको, प्रियदर्शनच्या एखाद्या धमाल मल्याळम सिनेमापासून करावी.