अळवावरचं पाणी आणि मन बदलणारी गाळणी



लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने 2023 मध्ये 108 पाकळ्यांचं कमळ सादर केलं आणि सगळ्यांनी फुलाचे फोटो पाहिले. आज आपण कमळाचं पान पाहू. तेल आणि पाणी वेगळं कसं करायचं, याचं उत्तर त्या पानापासून सुरू होतं.

पानावर पाणी टाका, थेंब घरंगळून जातो. आपलं ‘अळवावरचं पाणी’ तेच. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेण. मधल्या फटींत हवा अडकते आणि थेंब जणू हवेवर बसतो. तेल मात्र पसरतं, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

चीनमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये पोलादी जाळीला टेफ्लॉनचा लेप देऊन हेच साधलं. डिझेल खाली गेलं, पाणी वर राहिलं. चहाची गाळणी आकार पाहून चोथा अडवते. ही जाळी कोणता द्रव आपल्याला चिकटतो, त्यावरून निवड करते.

मग अडचण कुठे? पाणी तेलापेक्षा जड. ते जाळीवर बसून तेलाची वाट अडवतं. शिवाय, तेल चिकटून तिची छिद्रं हळूहळू बुजतात.

इथे इशारा मिळताच स्वभाव बदलणारा पृष्ठभाग उपयोगी पडतो. सौदी अरेबियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये कापडावर आणि स्पंजवर एक खास पॉलिमर बसवलं. साध्या पाण्यात ते तेल ओढून घेतं. पाणी आम्लधर्मी केलं, की पॉलिमरच्या साखळ्यांवर विद्युतभार येतो. त्या ताठ होतात, पाणी धरतात आणि तेल दूर लोटतात. म्हणजे शोषलेलं तेल स्पंज स्वतःच सोडून देतो. काही पॉलिमर असाच बदल उष्णतेने करतात. एकाचा उंबरठा साधारण 32 अंश सेल्सिअस आहे.

हे महत्त्वाचं का? 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं आदळली. शेकडो टन तेल सांडलं, कांदळवनांपर्यंत पोचलं, मासेमारीला फटका बसला. अशा वेळी तेल शोषून घेणारं साहित्य वापरलं, तरी तेलाने माखलेलं ते साहित्य स्वतःच कचरा होतं. तेल सोडून पुन्हा कामाला लागणारं साहित्य हा कचरा कमी करू शकेल.

पण प्रयोगशाळेतला तुकडा लहान असतो आणि पाणी स्वच्छ. खऱ्या सांडपाण्यात गाळ असतो, साबण असतो. वापरलेलं आम्लही नंतर निष्प्रभ करावं लागतं. म्हणून अशी बातमी वाचली, की ‘किती टक्के तेल वेगळं झालं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘घाण पाण्यात, किती वेळा?’ हेही विचारा.